मत मिळालं, मतपेटी किती दूर?

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, "आदिवासींना मताचा हक्क सरकारने कधी दिला?" प्रश्न चांगला आहे, पण त्यातला 'दिला' हा शब्द जरा तपासून घेऊ.

आमच्या जबलपूरला मालगोदाम चौकात राजा शंकरशाह आणि रघुनाथशाह यांचे पुतळे आहेत. उठावाचा बेत केला म्हणून १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी या गोंड पितापुत्रांना तोफेच्या तोंडी दिलं. पुढे १९३५चा कायदा आला. शेजारचा मंडला जिल्हा, वऱ्हाडातला मेळघाट, चांद्याकडची अहेरी जमीनदारी हे भाग 'अंशतः वर्जित' ठरले. प्रांताच्या विधानसभेत ११२ जागा होत्या, त्यांत मागास जमातींसाठी राखीव फक्त एक. मत मिळायचं ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि ज्याने शाळा पाहिली नाही, त्याला यादीत जागा कुठून मिळणार?

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं आणि कलम ३२६ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. आदिवासींना वेगळा हक्क मिळाला नाही, तुम्हाआम्हाला मिळाला तोच आणि त्याच दिवशी मिळाला. ऑस्ट्रेलियात मात्र १९४९ साली तिथल्या ज्या मूळनिवासींनी सैन्यात नोकरी केली होती, त्यांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं. सरसकट सगळ्यांना मिळायला १९६२ उजाडलं. मी फौजी माणूस, तरी सांगतो, मत हे नोकरीचं बक्षीस नव्हे.

१९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर चिन्ह होतं, म्हणजे निरक्षर माणसाचंही अडू नये. 'मंडला-जबलपूर दक्षिण' मतदारसंघातून दोन खासदार निवडून गेले, सेठ गोविंददास आणि राखीव जागेवर मंगरू बाबू उईके. इथे एक गैरसमज दूर करतो. राखीव जागेवर उमेदवार आदिवासी असतो, मतदार मात्र सगळेच असतात.

आता आजचं बोलू. सीमेवर असताना माझी मतपत्रिका टपालाने यायची. एकदा ती निकाल लागल्यावर हातात पडली. हक्क कागदावर होता, मत मात्र गेलंच नाही. तेव्हापासून मंडला-डिंडोरीहून कामासाठी परमुलखात जाणारे मजूर दिसले की मला ती मतपत्रिका आठवते. मला निदान टपालाची सोय तरी होती. त्यांना तीही नाही. मत द्यायचं तर मजुरी बुडवून, भाडं खर्चून गावी जायचं.

म्हणून एक विनंती. तुमच्या शेतावर, बांधकामावर अशी माणसं असतील तर मतदानाच्या वेळी त्यांना पगारी सुट्टी द्या, आणि नाव यादीत आहे का ते त्यांच्यासोबत बसून तपासा. मतदार मदतवाहिनीचा क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे. ज्या वर्षी हा हक्क मिळाला तेच ते वर्ष, १९५०.

जय हिंद.