लखनौच्या कोर्टवर धारची मुलं

धार म्हटलं की मराठी वाचकाला पवारांचं संस्थान आठवतं, दुसरा बाजीराव ज्या किल्ल्यात जन्मला तो किल्ला आठवतो, फार तर भोजशाळा. बॅडमिंटन आठवत नाही. पण लखनौच्या सय्यद मोदी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे जुने निकाल काढून पाहा. २०१७, २०१८ आणि २०१९ या लागोपाठच्या तिन्ही स्पर्धांत पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्याला धारचा खेळाडू उभा आहे. पहिल्या दोन वेळा समीर वर्मा, तिसऱ्या वेळी त्याचा थोरला भाऊ सौरभ.

ज्याच्या नावाने ही स्पर्धा भरते तो सय्यद मोदी १९८० ते १९८७ अशी सलग आठ वर्षं राष्ट्रीय विजेता होता. १९८२ साली ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने एकेरीचं सुवर्ण जिंकलं. २८ जुलै १९८८ रोजी लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमबाहेर त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. त्याच्या स्मरणार्थ सुरू झालेली स्पर्धा पुढे आंतरराष्ट्रीय झाली. २००९ साली ती ग्रांप्री होती, नंतर ग्रांप्री गोल्ड झाली आणि २०१८ पासून ‘सुपर ३००’ म्हणून जागतिक दौऱ्यात आली.

सुपर ३०० म्हणजे खालच्या पायरीवरची स्पर्धा, हे मान्यच केलेलं बरं. इथे जिंकणाऱ्याला क्रमवारीचे ७,००० गुण मिळतात, तर सुपर १००० ला १२,०००. जगातले पहिले दहा खेळाडू पुष्कळदा इकडे फिरकत नाहीत. माझ्या मते हेच या स्पर्धेचं बळ आहे. क्रमवारीत विसाव्या-तिसाव्या जागी अडकलेल्या पोराला युरोपच्या विमानखर्चाशिवाय, आपल्याच प्रेक्षकांसमोर वर सरकण्याची संधी इथे मिळते.

समीरने ती दोन्ही हातांनी घेतली. जानेवारी २०१७ मध्ये त्याने अंतिम सामन्यात बी. साई प्रणीतला २१-१९, २१-१६ असं हरवलं. खरी कसोटी पुढच्या वेळची. २०१८ साली तो भरात होता. बासेलची स्विस ओपन आणि हैदराबाद ओपन खिशात होत्या. वर्षअखेरीच्या ग्वांगझोच्या वर्ल्ड टूर फायनल्समध्ये फक्त आठ जणांना जागा असते आणि तिथवर पोचायला लखनौचे गुण हवे होते. २५ नोव्हेंबरला चीनच्या लू ग्वांगझूने पहिला गेम २१-१६ असा घेतला. दुसरा समीरने २१-१९ असा कसाबसा वाचवला आणि तिसरा २१-१४ असा घेतला. त्या वर्षी लखनौत पाच अंतिम सामन्यांपैकी भारताने जिंकलेला हा एकच. ग्वांगझोला तो उपांत्य फेरीत पोचला आणि शी युकीविरुद्ध मॅच पॉइंटवर येऊन हरला: २१-१२, २०-२२, १७-२१. एक गुण!

सौरभची गोष्ट वेगळी. तो २०११, २०१७ आणि २०१९ असा तीनदा राष्ट्रीय विजेता. २०१९ साली हैदराबाद आणि व्हिएतनाम ओपनही त्याने जिंकल्या. लखनौला उपांत्य फेरीत कोरियाच्या हिओ क्वांग-हीला तीन गेममध्ये हरवून तो अंतिम सामन्यात आला खरा, पण तैवानच्या वांग त्झू-वेईने त्याला २१-१५, २१-१७ असं थोपवलं. शेजारच्या देवासात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी गावच थोरल्या नि धाकट्या पातीत वाटून घेतलं होतं. वर्मा बंधूंना अशी सोय नव्हती. ड्रॉ एकच, करंडकही एकच.

२०२० मध्ये करोनाने स्पर्धा झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हा महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात नागपूरची मालविका बनसोड पी. व्ही. सिंधूसमोर होती. सिंधूने २१-१३, २१-१६ असा विजय मिळवला. पुरुष एकेरीचा अंतिम सामना दोन फ्रेंच खेळाडूंमध्ये व्हायचा होता, पण एकाची करोना चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तो खेळलाच गेला नाही.

धारचा पुढचा मुलगा तोवर तयार होत होता. प्रियांशु राजावत लहानपणीच घर सोडून आधी ग्वाल्हेरला आणि मग हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत गेला. पवारांच्या गावचं पोर शिंद्यांच्या गावी शिकायला, अशी ही जुनी ये-जा. मे २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० ने हरवून भारताने पहिल्यांदा थॉमस करंडक जिंकला, त्या संघात तो होता. एप्रिल २०२३ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्लेआँ मास्टर्सच्या अंतिम सामन्यात त्याने डेन्मार्कच्या मॅग्नस योहानसेनला तीन गेममध्ये हरवलं. तीही सुपर ३००.

लखनौने मात्र त्याला दोनदा उपांत्य फेरीतच अडवलं. २०२३ मध्ये तैवानच्या ची यू-जेनने, २०२४ मध्ये सिंगापूरच्या जेसन तेहने. त्या तेहला अंतिम सामन्यात लक्ष्य सेनने २१-६, २१-७ असं उडवलं, हे वाचून धारमध्ये कुणीतरी नक्कीच चरफडलं असणार.