साधा ताप, कर्ती माणसे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाची झड लागली की आपल्या नांदुऱ्यात घरोघरी एक वाक्य ऐकू येते, ‘काही नाही, साधा ताप आहे, एक सुई घेतली की उतरेल.’ सुई घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात, शेतात किंवा गाडीने अकोल्याला कामावर जातो. आज या ‘साध्या तापा’विषयी बोलू या.

आपल्याकडे फ्लूचे हंगाम दोन. एक पावसाळ्यातला, दुसरा जानेवारी ते मार्चमधला. या दिवसांत इतर विषाणूही फिरत असतात. नुसते नाक गळत असेल, शिंका येत असतील, तर बहुधा सर्दीचा विषाणू. फ्लू अचानक येतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी, अंगदुखी आणि कोरड्या खोकल्याने अंथरूण धरतो. आरएसव्ही हा विषाणू लहान मुलांचा समजला जातो. पण म्हाताऱ्या माणसांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीलाही तो त्रास देतो. करोनाही गेलेला नाही. नक्की कोणता विषाणू, हे तपासणीनेच कळते.

मोठ्या माणसाला काय होते, असे म्हणणाऱ्यांनी १९१८ साल आठवावे. जूनमध्ये मुंबईत फ्लूची साथ आली आणि पुढे रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. पावसाळ्याच्या अखेरची दुसरी लाट फार भयंकर होती. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या आपल्या वऱ्हाडालाही मोठी झळ बसली. त्यात २० ते ४० वयाची कर्ती माणसे फार गेली. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीतही तरुण आणि गरोदर स्त्रिया सापडल्या.

आता सुईचे पाहू. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, विषाणूंना नाही. सलाईननेही विषाणू मरत नाही. साध्या फ्लूला विश्रांती, भरपूर पाणी, ताक, पेज आणि तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. ताप तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला दोन आठवडे रेंगाळू शकतो. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे. पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर जास्त उपयोगी. म्हणून साठीपुढची माणसे, गरोदर बाई, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, बोलण्यात गोंधळ, थुंकीत रक्त, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर वय कितीही असो, तडक दवाखाना गाठावा.

फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. म्हणून ताप असताना कामावर जाणे ही बहादुरी नव्हे. आपण बरे होतो. पण तोच विषाणू घरातल्या आजीला खाटेवर पाडतो. खोकताना रुमाल धरा, हात साबणाने धुवा, आजीजवळ जाताना तोंडावर मास्क बांधा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात; तेव्हा धोका असलेल्यांनी पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

दोन दिवसांची मजुरी बुडणे जड जाते, हे खरे. पण घरातला कर्ता माणूसच बुडाला, तर तो खड्डा कशानेच भरून निघत नाही.