सहा फुटी व्हीआयपी, मुक्काम पोस्ट मामा तलाव!

माहीत आहे का, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच कोण? गरुड नाही, गिधाड नाही. आपला सारस! उंची जवळजवळ सहा फूट. महाराष्ट्रात तो पाहायचाय? मग तिकीट काढा भंडारा-गोंदियाचं.

उत्तर प्रदेशात सारस हजारोंनी आहेत, तिथला तो राज्यपक्षीच. गोंदियात काही डझन. आणि भंडाऱ्यात? हाताची बोटं पुरतात!

म्हणूनच दर जूनमधली सारस गणना इथे एकदम थ्रिलर असते. जूनच का? पावसाआधी पाणी आटतं, पक्षी मोजक्या तलावांवर आणि नदीकाठी एकवटतात. गोंदियाची ‘सेवा’ संस्था, वन विभाग आणि गावोगावचे पक्षीमित्र उजाडण्याआधीच आपापल्या जागी दबा धरून बसतात. सगळ्यांची वेळ एकच, कारण तोच पक्षी उडून पुढच्या तलावावर उतरला तर डबल मोजला जाईल. आकडा इतका छोटा की एकाचीही गडबड परवडत नाही. नदीपलीकडे बालाघाटातही मोजणी होते. पठ्ठ्याचा मुक्काम महाराष्ट्रात अन् नाश्ता मध्य प्रदेशात असू शकतो ना!

बरं, रात्री सापडतो कुठे? झाडावर शोधू नका. त्याचं मागचं बोट इवलंसं, फांदी धरताच येत नाही. अख्खी रात्र उथळ पाण्यात, उभ्याने!

असं उथळ पाणी देतात माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. सारस हा या मामांचा लाडका भाचा! घरटं मात्र कधी थेट धानाच्या बांधीत. अंडी बहुधा दोनच. त्यांची राखण करणारे शेतकरी म्हणजे ‘सारस मित्र’. खरे हिरो हेच.

2021 मध्ये तर सारस कोर्टात पोचला! घटत्या संख्येची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली.

आणि सारसावर पाळत ठेवणारा सेलिब्रिटी माहीत आहे का? बादशहा जहांगीर! पाळलेल्या जोडीची नावं लैला आणि मजनू. अंडी कोण कधी उबवतं, याच्या नोंदी त्याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवल्यात.

आता तुमच्यासाठी टिप. नर-मादी दिसायला सेम टू सेम, तेव्हा डोळ्यांऐवजी कान वापरा. जोडी ड्युएट गाते. नराची एक हाक, मादीच्या दोन!