कुंपणाच्या तारेत मेनलाईनचा करंट सोडू नका



मका कणसात आला की रानडुकरं वावरात उतरतात. एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा होतो, राग येणं साहजिक आहे. पण म्हणून काही जण मोटारीच्या पेटीतून किंवा आकडा टाकून बांधावरच्या तारेत लाईट सोडतात. हा मेसेज त्याबद्दल आहे.

20 ऑगस्ट 2025 ला आपल्याच एरंडोल तालुक्यात, वरखेडी शिवारात अशा तारेनं एका मजूर कुटुंबातली पाच माणसं गेली. त्यात दोन मुलं. दीड वर्षाची मुलगी तेवढी वाचली. शेतमालकावर गुन्हा दाखल झाला.

"फ्यूज आहे ना, उडेल," असं बरेच जण म्हणतात. नाही उडत. पेटीतला फ्यूज मोटारीच्या हिशोबाने टाकलेला असतो, दहा-वीस अँपिअरच्या वर गेलं तर वितळतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट बहुतेक वेळा एक अँपिअरही नसतो, आणि जीव जायला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. फ्यूज शाबूत राहतो, माणूस तारेला चिकटून राहतो. ओल्या चिखलात अनवाणी असेल तर विचारूच नका.

दुसरं म्हणणं, "रात्रीच सोडतो, पहाटे बंद करतो." लाईट गेलेली असली की खटका पाडायचा राहून जातो, मग ती येते तेव्हा तार जिवंतच. आणि रात्री तुमच्या बांधावरून चालतो कोण? मोटार चालू करायला निघालेला तुमचाच सालदार, नाहीतर पोरगा.

झटका मशीनची गोष्ट वेगळी. त्यात साधारण सेकंदाला एकदा, क्षणापेक्षाही कमी वेळ झटका येतो. मधल्या वेळात हात सुटतो, जनावर पळतं. मशीन चांगल्या कंपनीचं घ्या, तारेवर पाटी लावा. मशीन बिघडलं म्हणून तीच तार थेट लाईनला जोडू नका, दोन दिवस राखण करा. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. डुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाईही वन विभागाकडूनच मिळते. पीक हलवण्याआधी फोटो काढा, अर्ज लगेच द्या, पंचनामा करून घ्या.

कोणी तारेला चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका, सोडवणाराही तिथंच जातो. आधी मेन खटका पाडा. खटका कुठे आहे ते माहीत नसेल तर लांब थांबा, बाकीच्यांना अडवा आणि महावितरणला 1912 वर फोन करा. लाईट बंद झाल्याची खात्री झाली की माणूस बाजूला घ्या. श्वास नसेल तर छाती दाबत राहा, 108 ची गाडी येईपर्यंत थांबू नका.

शेजाऱ्याच्या बांधावर अशी तार दिसली तर भांडण होईल म्हणून गप्प बसू नका. आधी त्याला हा मेसेज पाठवा. ऐकलं नाही तर पोलीस पाटलांना सांगा, आजच.