मदरबोर्ड ओव्हरक्लॉक होतो, पण तुमचं सिम्युलेशन त्यावर चालवावं का?

संशोधनाला सुरुवात करताना कॉम्प्युटर जुळवायची वेळ बऱ्याच जणांवर येते. बजेट कमी आणि सिम्युलेशन मोठं! मग कोणीतरी सांगतं, "ओव्हरक्लॉक कर, फुकटात वेग मिळेल." हा वेग खरंच फुकट असतो का, ते बघूया.

वेग वाढतो कसा?

मदरबोर्डचं मूळ घड्याळ, म्हणजे बेस क्लॉक, साधारण १०० मेगाहर्ट्झचं असतं. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ, बायोसमध्ये ५२ केला की ५.२. मग थेट बेस क्लॉकच का वाढवत नाहीत? कारण बऱ्याच बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेससारखे भागही त्याच घड्याळावर चालतात. प्रोसेसर टिकला तरी ते डगमगतात.

पहिली मर्यादा: चिपसेट

इंटेलमध्ये गुणक बदलायला 'के' अक्षराचा प्रोसेसर आणि झेड६९०, झेड७९० असा 'झेड' चिपसेट, दोन्ही लागतात. बी६६० किंवा बी७६० वर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. एएमडीच्या बी६५० वर रायझन ओव्हरक्लॉक होतो, स्वस्तातल्या ए६२० वर होत नाही. त्यामुळे बोर्ड घेण्याआधी चिपसेट बघा.

दुसरी मर्यादा: वीज आणि उष्णता

प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले: १.१ × १.१ × १.१ = १.३३. म्हणजे वेग १० टक्के जास्त, वीज ३३ टक्के जास्त! ही सगळी वीज बोर्डावरच्या व्हीआरएममधून जाते. व्हीआरएम साधा असेल, त्यावर हीटसिंक नसेल, तर तो तापतो आणि शेवटी वेग आपोआप खाली येतो. तासन् तास चालणाऱ्या कामात हे हमखास दिसतं. पाच मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये दिसत नाही.

खरा धोका: गुपचूप चूक

कॉम्प्युटर बंद पडला तर उलट बरं, निदान कळतं तरी. पण काठावरच्या व्होल्टेजवर एखादा बिट उलटला आणि प्रोग्राम तसाच पुढे चालत राहिला तर? आकडे येतात, आलेख सुंदर दिसतो आणि निष्कर्ष चुकतो.

मर्सेन मूळसंख्या शोधणारा जिम्प्स प्रकल्प हे गृहीतच धरून चालत आला आहे. तिथे एका कॉम्प्युटरचं उत्तर तसंच मान्य होत नाही, ते पडताळलं जातं. त्यांचंच प्राइम९५ हे सॉफ्टवेअर आज ओव्हरक्लॉकची परीक्षा घ्यायला वापरतात.

आणि "मी काहीच बदललं नाही" हेही पुरेसं नाही बरं का. एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करणं हेही मेमरीचं ओव्हरक्लॉकिंगच आहे. काही बोर्ड तर मुळातच वीजमर्यादा सैल ठेवून येतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये इंटेलने बोर्ड कंपन्यांना स्वतःच्या शिफारशीतल्या सेटिंग वापरायला सांगितलं. पुढे मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो, हे कारणही सापडलं आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली.

मग काय करायचं?

१. प्रबंधात जाणारे आकडे मूळ सेटिंगवरच काढा.

२. बायोसची आवृत्ती, मेमरीचा वेग आणि वीजमर्यादा प्रयोगवहीत लिहून ठेवा. रसायनाचा बॅच नंबर लिहितो, तसंच.

३. ओव्हरक्लॉक करायचंच असेल, तर आधी मेमटेस्ट८६ आणि प्राइम९५ रात्रभर चालवा.

४. मग उत्तर माहीत असलेलं एक उदाहरण तुमच्याच कोडमध्ये, एकाच थ्रेडवर, मूळ आणि वाढीव वेगाने चालवून बघा. अनेक थ्रेडवर बेरजेचा क्रम बदलल्याने शेवटचे अंक हलू शकतात, ती हार्डवेअरची चूक नव्हे. पण एका थ्रेडवर तोच प्रोग्राम, तोच इनपुट आणि तरी उत्तर वेगळं? मग तो वेग सोडून द्या.

दहा टक्के वेग म्हणजे दहा दिवसांच्या कामात जेमतेम एक दिवस वाचतो. चुकलेला आकडा शोधायला किती दिवस जातील, याचा हिशेब आधी करा.