खुब्यातील दांडा आणि मांडीचे हाड
कृत्रिम खुब्याचा जो धातूचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवला जातो, तो हाडापेक्षा कितीतरी ताठर असतो. हाडाच्या कठीण कवचाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १७ गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा ११०, तर कोबाल्ट-क्रोमचा २०० हून अधिक. परिणामी बराचसा भार दांडाच खाली वाहून नेतो आणि हाडाच्या वरच्या भागात, विशेषतः आतल्या बाजूस, विकृती (भाराखाली आकारमानात होणारा सूक्ष्म बदल, व्यंगाशी या संज्ञेचा संबंध नाही) घटते. युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडल्याप्रमाणे हाड भारानुसार घडत असल्यामुळे, काम उरले नाही की ते विरळ होते आणि क्ष-किरण चित्रात तिथली कडा गोलसर, पुसट दिसू लागते. शिवाय वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, म्हणून दुप्पट जाडीचा भरीव दांडा सोळापट ताठर ठरतो.