'कामून?'ला उत्तर हवे

आमच्या परभणीकडचे लेकरू बोलू लागले, की घरात एक शब्द दिवसभर घुमत असतो: 'कामून?' कापूस पांढराच कामून? चिमणी मातीत कामून लोळायली? पुस्तकी मराठीत 'का' म्हणतात, हे त्याच्या गावीही नसते. आपण मात्र लगेच म्हणतो, "कामून नाही, का म्हणावं!" शब्द सुधारतो, प्रश्न तसाच राहतो. असे वारंवार झाले, की लेकरू विचारायचेच सोडून देते. मग शाळेत पोट दुखले तरी ते बाईंना सांगत नाही.

आधी उत्तर द्यावे, शब्द नंतर आपोआप सुधारतो, असे मला वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच जाणले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलाच्या जगापासून सुरुवात करायची, ही त्यामागची दृष्टी.

त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळता-कांडताच विठ्ठलाशी गुजगोष्टी केल्या! भाकरी थापताना लेकरू विचारते, "पाणी गरम कामून?" सांगावे, "ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी. थंड पाण्यात मळलं तर भाकर तुटते." मग आपण विचारावे, "गव्हाची पोळी कामून तुटत नसेल?" आणि थांबावे. मनात पाच अंक मोजावेत. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. आपणच घाईने उत्तर देऊन त्याचा घास हिरावतो.

मोबाईलची अडचण नेमकी इथे आहे. तो अखंड बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन वर्षांचे मूल 'माय, पाणी' असे दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर 'बोलंल हळूहळू' म्हणून वाट पाहू नये. डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्यावेत.

बाकीच्यांना औषध एकच: उद्या 'कामून?' कानावर आले, की हातातले काम न सोडता, पण त्याच्याकडे बघून, उत्तर द्यावे.